ऑर्नेलाचं ओसरतं पाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. नर्सने आधी माझं नाव विचारलं, मग ‘सोबत कोणी आहे का?’ असं विचारलं, आणि मला कळलं. ऑर्नेला सकाळी गेली होती. तिचा भाऊ पिएत्रो इटलीत, म्हणून फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव होतं. फोन ठेवून मी परत मीटिंगला बसले. कोणी काहीतरी विचारत होतं, मी हो हो म्हणत होते...

डंडॉक या आयरिश गावात आमच्या दोन घरांत एकच भिंत. वयाने ती माझ्या आईएवढी, पण पहिल्याच दिवशी ‘नुसतं ऑर्नेला म्हण’ असं तिने बजावलं. व्हिडिओ इन्स्टॉलेशन म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे समजलं. अंधारी खोली, चारही भिंतींवर हलणारी चित्रं आणि मधोमध आपण उभे. तिची सगळी चित्रं पाण्याची. २०२०च्या लॉकडाउनमध्ये एकदा मी मागच्या अंगणात तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओतत होते, तर ती कुंपणापलीकडून ओरडली, ‘थांब! कॅमेरा आणते. पुन्हा ओत!’ आठवड्याने तिने ते आपल्या अंगणातल्या भिंतीवर मला दाखवलं. भिंतभर पांढुरकं पाणी, हळूहळू मातीत मुरणारं. पुण्याला जाणं तेव्हा बंद होतं. मला आई आठवली आणि रडूच आलं. तिने कारण विचारलं नाही. म्हणाली, ‘येणारं पाणी सगळेच टिपतात. मला जाणारं हवं.’ पो नदीकाठचं तिचं गाव ती सहा वर्षांची असताना पुरात बुडालं होतं. पाणी उतरल्यावर तिची आई सापडली. एवढंच तिने सांगितलं, तेही एकदाच.

त्या हिवाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या पुढे ढकलल्या जात होत्या. झाल्या तेव्हा फार उशीर झाला होता. फेब्रुवारीत तिने मला कुंपणाशी बोलावलं. नव्या कामासाठी तिला कार्लिंगफर्डच्या किनाऱ्यावरची ओहोटी हवी होती. गाडीने अर्धा तास. पण घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई होती.

‘एक तास फक्त. मी गाडीतून उतरणारही नाही.’

‘रस्त्यात गार्डा पोलीस उभे असतात, ऑर्नेला. माझं वर्क परमिट रिन्यूअलला आहे. नाव लिहून घेतलं तर...’

‘तर?’

‘नियम उठले की लगेच जाऊ. प्रॉमिस.’

‘ग्रँड,’ ती म्हणाली. बरं असो, नसो, इथे सगळे ग्रँडच म्हणतात. तीही शिकली होती.

पुढे ऑफिसातल्या एकाने सांगितलं, आजारी माणूस सोबत असेल तर पोलीस बहुतेक सोडून देत. मी तेव्हा कुणाला विचारलंही नव्हतं. खरं तर मला विचारायचंच नव्हतं.

मार्चमध्ये ती गेली. अंत्यसंस्काराला दहा माणसांची परवानगी होती, आलो सहा. पिएत्रोला दिसावं म्हणून मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून उभी होते. हात भरून आले तरी खाली केले नाहीत.

मे महिन्यापर्यंत नियम उठले होते. घर रिकामं करायचं म्हणून पिएत्रोचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारलं, ‘शेवटी तिने समुद्र पाहिला का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘मीच नेलं होतं.’

‘कसा होता?’

‘शांत.’

तो खूप वेळ रडला. मग त्याने माझे आभार मानले. त्याला मराठी येत नाही, म्हणून खरं काय ते इथे लिहिते आहे.

काल तिच्या स्वयंपाकघरात गेले. भांडी खोक्यात भरली. फ्रिजच्या बाजूला भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक टाचलेलं आहे. मी प्रॉमिस केलं, त्या आठवड्यापासून पुढे दर आठवड्यातल्या दुपारच्या एका ओहोटीभोवती तिने पेन्सिलीने गोल केला आहे. सप्टेंबरपर्यंत.