करूभात खाल्लेली पेशंट

"पोट रिकामं आहे ना?" एक्स-रेच्या टेबलावर झोपलेल्या सुकवाराला मी विचारलं.

"एकदम खाली, बाई. काल रात करूभात खाय हंव, ओखर बाद पानी घलो नइ."

मी डॉक्टरांचा हात धरला. सुई टोचायची बाकी होती.

भिलाई मध्य प्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या एका दवाखान्यात आया होते. करूभात म्हणजे कारलं आणि भात. छत्तीसगडी बाया तीजाच्या आदल्या रात्री तो खातात, मग दुसरा दिवस निर्जळ. आपल्या हरतालिकेचाच दिवस.

"कावून थांबवलं, मावशी?" डॉक्टर नागपूरकडचे.

"साहेब, हिचा तीजा आहे. पाण्याचा थेंब नाही पोटात."

त्यांनी सुई खाली ठेवली. फोटोसाठी शिरेतून डाय, म्हणजे फोटोत उमटणारा रंग, देतात. तो किडनीतून लघवीवाटे जातो. अंगात पाणी नसलं, त्यात साखरेचा आजार असला, तर किडनी बंद पडू शकते. सुकवाराला साखर होती. मूतखडा अडकून तापही चढला होता, म्हणून फोटो उद्यावर टाकता येईना. आम्ही 'खाली पेट' सांगायचो ते अन्नापुरतं.

"आधी सलाईन लावा," डॉक्टर म्हणाले.

सुकवाराने हात ओढून घेतला. "सुई के पानी घलो पानीच आय."

"मरशील," मी म्हणाले.

"मरहूं त उपास में मरहूं."

बाहेर तिचा भाऊ बसला होता. तीजाला लेकी माहेरी जातात, म्हाताऱ्या झाल्या तरी. तो तिला न्यायला आला होता.

"मोर नइ सुनय, काकी. दाई के सुनही."

"मग आईला आण. इथं बसून काय करतोस?"

त्याने सायकल काढली. गाव भिलाई-3 च्या पुढे. दुपारी म्हातारी आली. ओठ सुकलेले, तिचाही उपास होता. तिने माझ्या हातातला ग्लास घेतला.

"पी. तोर उपास मैं रइहूं."

लेकीचा उपास म्हातारीने स्वतःवर घेतला. सुकवारा रडली आणि प्यायली. मग सलाईनलाही हात दिला. संध्याकाळी फोटो झाला. पुढे लघवी साफ होत राहिली, किडनी शाबूत राहिली. खडा निघाला.

माझी आई वर्ध्याकडे होती. लग्न होऊन भिलाईला आले, तेव्हापासून हरतालिकेला माहेरी गेले नाही. आमच्यात न्यायला कोणी येत नाही. यायला पाहिजे होतं.

त्यानंतर भादव्यात टेबलावर आलेल्या बाईला मी पोटाचं विचारलं नाही. काल रात्री काय जेवलीस, तेच विचारलं.