माझ्या वाट्याची अर्धी प्रार्थना

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, की मला वर्सोव्याचं आमचं जुनं घर आठवतं. ऑक्टोबरात आमच्याकडे मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते आणि त्या घरच्या बाईने जपमाळ सांगायची असते. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तिचा, उरलेला बाकीच्यांचा. त्या वर्षी आमची पाळी आली, तेव्हा माझं तान्हं बाळ जाऊन तीनच आठवडे झाले होते. शेजारीण मूर्ती घेऊन दारात आली, तशी मी म्हटलं, "पुढच्या घरी न्या. मला देवाशी बोलायचंच नाहीये." ती चपला काढत म्हणाली, "नको बोलूस. पण हिनेपण पोरगा गमावलाय गं, हिला तरी आत घे." मी बाजूला झाले. बाहेरून वाळत्या बोंबलांचा वास येत होता, आत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. चौथ्या मण्याला माझा आवाज फुटेना. आता कुणीतरी माझा भाग म्हणून टाकेल, असं वाटलं; पण एकीनेही तोंड उघडलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सावकाश. आम्ही इथेच आहोत." मेणबत्ती ओघळत राहिली आणि त्या सगळ्या थांबून राहिल्या. शेवटी मी रडत रडतच माझा भाग पुरा केला, तसा त्यांचा आवाज एकदम उठला आणि घर भरून गेलं. आता ती मूर्ती घरोघरी मीच नेते. एखादीचा आवाज अडला, तर मी शब्द सुचवत नाही, थांबते. देव माझ्यासाठी थांबला होता, तिच्यासाठीही थांबेल.