बापाला काका म्हणणारी पोर

नवरा विलायतेत लोखंडाच्या कारखान्यात होता. तो तिथलाच नागरिक झाला. त्यानंतर आमची पोर झाली, बपेऱ्याला, माझ्या माहेरी. बाप तिथला म्हणून पोरही जन्मापासून तिथलीच, असा तेव्हाचा कायदा. बायको म्हणून मलाही जाता येत होतं. फक्त पोर त्याची आणि मी त्याची, हे दाखवायचं होतं. लग्न मांडवात झालेलं, त्याचा कागद नव्हता.

पोर सहा वर्षांची असताना विलायतेच्या मुंबईतल्या कचेरीत आम्हाला बोलावलं. साहेब गोरा, दुभाष्या आपल्याकडचा. त्यानं नवऱ्याचा फोटो पोरीपुढे धरला.

"हे कोण?"

"काका."

"मग तुझे बाबा कुठे आहेत?"

"घरी. बांधीत धानाचा रोवणा करून राहिले."

घरी भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, चार पोरं. ती आपल्या बापाला बाबा म्हणत, माझ्या नवऱ्याला काका. माझी पोर त्यांच्यातच वाढली, तेच शिकली. आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच असतं. कुणी सुधारत नाही, मीही सुधारलं नव्हतं. हे सांगायला गेले तर दुभाष्या म्हणाला, "बाई, तुम्हाला विचारलेलं नाही."

नकाराचं पत्र इंग्रजीत आलं. मी चौथी शिकलेली. गुरुजींनी ओसरीत सगळ्यांसमोर अर्थ सांगितला, की मुलगी या माणसाची आणि बाई त्याची बायको, हे सिद्ध झालं नाही. भासरे उठून बैलांकडे गेले.

सासू म्हणाली, "गोऱ्याले नातं समजत नाही, त आपण काय करावं?"

 दोन दिवसांनी जाऊ म्हणाली, "तुह्या पोरीले सांग, माह्या माणसाले बाबा म्हणू नोको."

पाच वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी पोरीला पढवून नेलं. ती फोटो पाहून घडाघडा "बाबा" म्हणाली. साहेबानं जुनी फाईल उघडली. मागे काका होते, आता बाबा कसे झाले? परत नकार. मी त्याच घरात, त्याच जावेसमोर परत आले. माहेरी बाप उरला नव्हता, आणि भाऊ म्हणे, नवऱ्याचं घर सोडू नको. नवरा तर त्या घरात नव्हताच.

पोर लग्नाची झाली तेव्हा नवऱ्याचं पत्र आलं. आता रक्त तपासून बाप ठरवतात, तिघांनी रक्त दिलं की काम होईल. त्याच महिन्यात वरठीच्या कारखान्यातल्या मुलाचं स्थळ आलं होतं.

"माय, मी नाही देत रक्त," पोर म्हणाली. "वरठीच्यायनं ऐकलं त काय म्हणतील? बाप कोण, हे तपासून पाहा लागलं म्हणून?"

"अन् माह्यं काय?"

"तू आतापर्यंत राहिलीच ना."

राग आला, पण ती बोलली ते खरं होतं. पत्र पेटीत ठेवलं आणि वरठीला होकार कळवला.

लग्नपत्रिका छापून आली. तिच्यावर नवऱ्याचं, माझं आणि पोरीचं नाव एकाखाली एक होतं. असला कागद कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. मी मागेच विचारलं होतं.