बसलं की झोप लागणारी गाडी

जुनी गाडी घ्यायला निघालेलं कोणी भेटलं, की मी त्याला एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. टायर बघ, इंजिन बघ, पत्र्याखालचा गंज बघ, पण त्या गाडीत बसून विकणाऱ्याच्या घरातल्या कोणाला कधी काही झालं होतं का, तेही विचार. लोक चमकतात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई आणि हे काय बोलते, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. मला आधी राग येतो. मग आमच्याच घरात काय झालं होतं ते आठवतं आणि राग उतरतो.

आमचं घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव, ताईत, लिंबू-मिरच्या, उपासतापास एका दिवसात उंबऱ्याबाहेर गेले. बाबा कापडगिरणीत होते. अंगानं किरकोळ, पण बोलायला लागले की समोरचा गप्प. मांजर आडवं गेलं की गल्लीतले लोक थांबायचे. आमचे बाबा मुद्दाम तीच वाट धरायचे आणि पलीकडे गेल्यावर मागे वळून बघायचे, कोणी पाहिलं की नाही म्हणून. आम्हा भावंडांना त्यांचा फार अभिमान होता. आईच्या तोंडून मात्र जुन्या सवयीनं कधीतरी 'आज अमोशा ना?' असं निघून जायचं, आणि घरभर हशा व्हायचा. पुढंपुढं ती बोलायच्या आधी दोनदा विचार करू लागली.

दादा, माझा मोठा भाऊ, एसटीत ड्रायव्हर होता. दुसऱ्याची गाडी किती दिवस हाकायची, असं त्याच्या मनानं घेतलं. वरातीला भाड्यानं द्यायला एक मोठी दिमाखदार गाडी घ्यायची, हा त्याचा ध्यास. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. त्याच उन्हाळ्यात वहिनीला दिवस राहिले. लग्नाला खूप वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, वैद्य झाले, शेजारणींचे टोमणेही ऐकून झाले होते, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर ही बातमी आली. दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. वहिनीचं माहेर काटोलचं. तो येईल-जाईल त्याला सांगायचा, "माझं लेकरू आजोळी जाईन तर बसच्या गर्दीत नाही जाणार, गाडीत बसून जाईन."

गाडी मिळाली ती सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात. एका जुन्या मालगुजार घराण्याची. परदेशी, काळी, लांबच लांब, आत लाल चामड्याच्या गाद्या. बाबांनी बघायला जायचा दिवस मुद्दाम अमावास्येचा धरला. दादा, बाबा, मी आणि आई, असे गेलो. आईला न्यायचं कारण असं, की या गाडीत नवऱ्या मुली बसणार होत्या. शालू सावरत बाईमाणसाला नीट चढता-उतरता येतं का, हे दादाला बघायचं होतं. आई दोनदा चढली, दोनदा उतरली आणि बरं आहे म्हणाली.

दादा काही कच्चा नव्हता. त्यानं दारांवर, मडगार्डवर बोटांच्या पेरांनी ठोकून कुठं पुट्टी भरली आहे ते ऐकलं. तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग आहे का ते पाहिलं. बोनटवर हात ठेवला आणि झटकन काढला. मे महिन्याचं नागपूर. सगळाच पत्रा तापलेला. आम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. ते त्याला आवडलं नाही. मग त्यानं गाडी सुरू करून मागच्या पाइपापुढं पांढरा रुमाल धरला. रुमाल जवळजवळ तसाच राहिला.

"धूर पाहा किती कमी सोडते," तो बाबांना म्हणाला, "इंजिन जवान आहे अजून."

धूर दुसरीकडून जात असेल, हे त्या घटकेला आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोर्चला लागून कूलर घरघरत होता, त्यात इंजिनाचा बारीक फुसफुसाट ऐकू येणं शक्य नव्हतं. खाली गोणपाट टाकून दादा गाडीखाली शिरला, तर सगळं ताज्या काळ्या रंगात. मागच्या बाजूला पायाखाली नवा गालिचा चिकटवलेला. आत वाळ्याच्या जुड्या पाणी मारून ठेवल्या होत्या, त्यामुळे गाडीत शिरताच गारवा आणि तो वास. किती हौशी लोक आहेत, असं मला वाटलं.

बंगल्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आम्हाला फिरवून आणलं. निघताना त्यानं चारी काचा खाली केल्या. बाहेर लू चालू होती. अशा वेळी नागपुरात माणूस कान-डोकं दुपट्ट्यानं बांधतो, खिडकी उघडत नाही.

"काच लाव गा," बाबा म्हणाले, "झळा लागून राहिल्या."

"राहू द्या बाबूजी," तो समोर बघत म्हणाला. "या गाडीत मोकळंच बरं राह्यते."

मला तो उद्धटपणा वाटला. आई मात्र त्याच्या मानेकडे बराच वेळ बघत होती.

परत आल्यावर शरबत आलं. मालक चाळिशीचा, मऊ बोलणारा. गाडीचं कौतुक करता करता त्याचे डोळे भरून आले. "माझे वडील याच गाडीत गेले," तो म्हणाला. "जानेवारीत पचमढीहून येत होतो. मागच्या सीटवर शाल पांघरून झोपले ते झोपलेच. ना दुखणं, ना खुपणं. चेहऱ्यावर काय तेज होतं! पुण्यवान माणूस."

मग आईनं पदर सारखा करत विचारलं, "कसे गेले म्हणता?"

बाबांनी पेला खाली ठेवला. "झोपेत गेले, सांगितलं ना त्यायनं. चाल आता."

वाटेत तिला भाषण ऐकावं लागलं. गाडीत माणूस मेला म्हणून गाडी वाईट होत असती, तर जगातली सगळी घरं पाडावी लागली असती. इतकी वर्षं झाली दीक्षा घेऊन, अजून मन साफ होत नाही. गाडी घेऊ की नको असं दादाचं तोवर चाललं होतं, पण आता बाबांनीच हट्टाला पेटून ती घ्यायला लावली. नको म्हटलं असतं तर अपशकुन मानल्यासारखं झालं असतं. मला बाबांचं म्हणणं सोळा आणे पटलं.

गाडी दारात आली, नारळ फुटला नाही. धंदा चांगला लागला. उन्हाळ्यात काचा उघड्याच असत आणि वरातीच्या फेऱ्या जवळच्या. पावसाळ्यात कामच थोडं. दिवाळीनंतर लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा एक गोष्ट जो तो बोलू लागला, ती म्हणजे या गाडीत बसलं की झोप लागते. एकदा कामठीहून येताना नवरी आणि तिच्या दोन्ही करवल्या मागं अशा गाढ झोपल्या, की मांडवापुढं हलवून हलवून उठवावं लागलं. नवरीचं डोकं दुखत होतं. रात्रभर रडली असेल, असं बायका म्हणाल्या. सगळे हसले. दादा पुढच्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट ऐटीत सांगायचा, "अशी गाडी आहे साहेब, पोटातलं पाणी हलत नाही. माणूस झोपूनच जाते."

ही गोष्ट तो सांगायला लागला की आई उठून आत जायची. मला वाटायचं, हिच्या डोक्यातलं भूत काही उतरत नाही.

डिसेंबरात वहिनीला बाळंतपणासाठी काटोलला पोचवायचं ठरलं. त्या वर्षी थंडी फार होती. सकाळी धुकं होतं, श्वासाची वाफ दिसत होती. पुढं दादा आणि बाबा; मागं एका खिडकीशी आई, मधे मी, दुसऱ्या खिडकीशी वहिनी. बाळ सारखं लाथा मारत होतं. वहिनीनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला आणि म्हणाली, "पाहा ताई, आजोळी जायची कशी घाई झाली याले."

आईनं तिच्या बाजूची काच चार बोटं खाली ठेवली होती. गार वारा सुरीसारखा आत येत होता. दादाला बसची सवय, त्याचं कोपर नेहमीच बाहेर असे, पण तो वारा पुढच्या पुढं जायचा. कळमेश्वर मागं पडलं तेव्हा बाबा वळून म्हणाले, "लाव वं ती काच. सुनेले थंडी लागन."

"राहू द्या थोडी."

"काहून? कोण येऊन बसलं आहे गाडीत? लाव म्हणतो ना."

दादा हसला. मीही हसले. आईनं वहिनीच्या पोटाकडे पाहिलं आणि काच वर केली.

थोड्या वेळानं वहिनीचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तिच्या गालांवर लाली चढली होती. माहेरची हवा लागली, असं मी मनात म्हटलं. मला स्वतःला डोक्यात घण बसल्यासारखं होत होतं आणि मळमळत होतं, पण मला बस लागते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे बोलायची लाज वाटली. आईकडे पाहिलं तर तिचाही डोळा लागलेला. पुढं बाबा पेंगत होते. गाडीत इतकं शांत होतं की मला ते छान वाटलं. आपणही मान टाकावी, असं वाटलं. पोटातून एकदम उमळून आलं म्हणून मी दादाच्या खांद्यावर थाप मारली. नाहीतर थाप मारली नसती.

मी उतरून रस्त्याच्या कडेला ओकले. उघड्या दारातून वारा लागला तशी आई जागी झाली, उतरली आणि पाय लटपटून खालीच बसली. वहिनी उठली नाही. मी हाक मारली, हलवलं, गालावर पाणी मारलं. मान नुसती इकडून तिकडं गेली. गालांवर तीच लाली.

"बाहेर काढ तिले!" आई ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आधी बाहेर काढ!"

दादानं आणि बाबांनी वहिनीला उचलून संत्र्याच्या बागेच्या कुंपणापाशी, मोकळ्यात ठेवलं. मागून काटोलची बस आली. ड्रायव्हर दादाचा जुना सोबती; त्यानं काही न विचारता बस थांबवली. लोकांनी उठून जागा दिली. दादाचं लेकरू शेवटी बसमधूनच आजोळी निघालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडीत धूर येत होता का?" आम्ही नाही म्हणालो. खरंच दिसला नव्हता. मग त्यांनी पोटावर नळकांडं ठेवून कान लावला. जागा बदलली, पुन्हा लावला. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. वहिनी संध्याकाळी शुद्धीवर आली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

दादानं नंतर मागचा गालिचा उचकटला. खालचा पत्रा कुजून हात जाईल एवढं भोक पडलेलं, त्यावर पातळ टिन ठोकलेलं. आणि बरोबर त्याच्या खाली सायलेन्सरचा पाइप चिरलेला. काचा बंद असल्या की इंजिनाचा डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू तिथूनच आत भरत होता. चिरेवर पट्टी गुंडाळून वर काळा रंग मारला होता. दादा तसाच बंगल्यावर गेला. हात उचलायच्या तयारीनं गेला होता. पण त्याचं बोलणं ऐकता ऐकता मालक खाली बसला आणि "म्हणजे माझे बाबा..." एवढंच दोन-तीनदा म्हणाला. त्याला खरोखर माहीत नव्हतं. म्हातारा ड्रायव्हर फाटकाशी उभा होता. दादा जवळून गेला तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

वहिनी परत आली. बाबा जवळजवळ मुकेच झाले. एका संध्याकाळी आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी तिथंच वह्या तपासत होते. बाबा येऊन तिच्यापुढं जमिनीवर बसले.

"त्या दिवशी बंगल्यात तू काय विचारून राहिली होती?" त्यांनी विचारलं.

"कसे गेले म्हणून."

"तुले भेव वाटलं होतं का?"

"भेव कायचं?" आईनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "चांगला धडधाकट माणूस बसल्या जागी झोपेत जाते, तर कसा गेला हे विचारावं लागते. तुम्हीच त शिकवलं होतं मले, विचारल्याबिगर काही मानायचं नाही म्हणून."