त्रेचाळीस इंचांवरचा पिवळा गोल

दिनानाथ कोळींनी न्हावा शेव्याकडच्या एका यार्डात सव्वीस वर्षं कंटेनर तपासले. ट्रक फाटकात थांबला की भोवती फेरी मारायची आणि खड्डा किंवा भोक दिसलं की पिवळ्या मेणखडूनं गोल काढायचा. गोल दिसला की पुढचा माणूस पुन्हा तपासत बसत नसे, कंटेनर सरळ बाजूला काढी. तिथला शिरस्ताच तो. मग फाटकावर कॅमेरे बसले. दिनानाथांच्या गुडघ्यांनीही तेव्हाच असहकार पुकारला होता. यार्डवाले म्हणाले, पनवेलला घरी बसून फोटो तपासा, तीन महिने बघू जमतंय का.

लॅपटॉपवर खड्डा आणि सावली सारखीच दिसे, म्हणून त्यांनी त्रेचाळीस इंची मॉनिटर आणला. खोली ती केवढी, आणि हे धूड केवढं. ते खिडकीसमोरच मावलं.

"या घराला खिडकी हाय का नाय?" बायको, दमयंती, म्हणाली.

"हाय ना. आता तिच्यातून कंटेनर दिसतील."

जवळ बसलं तर मान अवघडे. खुर्ची मागे नेली तर ती स्वयंपाकघराच्या दारात जाई आणि दमयंतीला भाताचं पातेलं घेऊन आडवं निघावं लागे. शेवटी दिनानाथांनी खुर्चीच सोडली. गुडघे सोसतील तेवढं उभ्यानं, डावीकडून उजवीकडे, पडद्यापुढे चालत ते फोटो तपासू लागले. शेजाऱ्यांना हा थाट वाटला. दिनानाथांना मात्र आपण अजून कामाचे आहोत याचा आनंद होता, आणि तो ते लपवतही नसत.

तिसरा महिना संपायला अकरा दिवस होते. दुपारी एका कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर भोक दिसलं. हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. मेणखडू तिथं अजूनही असायचाच. त्यांनी झोकात गोल काढला, नोंद केली आणि पुढचा फोटो उघडला. त्याच कोपऱ्यात गोल. फाटकावरच्या गोरखनं आधीच खूण केलेली दिसतेय, असं म्हणून त्यांनी तो कंटेनर न तपासता बाजूला काढायला लावला. त्यानंतरचे, त्या दिवसाचे शेवटचे, दोनही तसेच.

संध्याकाळी यार्डातून सुपरवायझर राजसचा फोन आला.

"काका, तीन कंटेनर ठणठणीत आहेत. त्यांच्यावर खूणही नाही. गोरखनं उगाच गोल मारले आणि मागाहून पुसले. विचारलं तर नाही म्हणतो. उद्यापासून त्याला फाटकावर घेत नाही."

दिनानाथांनी मॉनिटरकडे पाहिलं. काम बंद केल्यामुळे पडदा कोरा होता आणि त्यावर पिवळा गोल तेवढा उरला होता. गोरख डोंगराकडच्या पाड्यावरचा, रोजंदारीचा माणूस. त्याला पुन्हा कोणी कामावर घेणार नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि क्षणभर त्यांना तसं करावंसं वाटलंही.

"राजस, गोल माजा हाय," ते म्हणाले. "मॉनिटरवर काढला मी."

राजस हसला. "त्याला वाचवू नका, काका. मॉनिटरवर कोण खूण करतं?"

एवढ्यात दमयंती ओलं फडकं घेऊन आली. "काय रंगवून ठेवलंय हे?"

"पुसू नको," दिनानाथ म्हणाले. त्यांनी मोबाइलवर गोलाचा फोटो काढला आणि राजसला पाठवला. तो यार्डभर फिरणार, लोक पोट धरून हसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तासाभरानं राजसचा निरोप आला, गोरख राहील. दिनानाथांविषयी त्यात काही नव्हतं.

सकाळी आठला त्यांनी नेहमीप्रमाणे पासवर्ड घातला. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे, असं पडद्यावर आलं. अक्षरं वीतभर उंच होती. दिनानाथांना फार वाईट वाटलं. दमयंतीला हे कसं सांगावं, याची ते जुळवाजुळव करू लागले.

तिनं ते स्वयंपाकघरातूनच, चष्म्याशिवाय वाचलं होतं. तिनं चहाचं आधण ठेवलं.