दहावा पुरुष

खांडबारा स्टेशनावरचे तिकीटबाबू भर वैशाखातही काळ्या कोटाचं गळ्याजवळचं बटण लावून बसत. त्यामागचं कारण फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं.

बाबू अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लावायचे, तो कधी चुकला नाही. त्यांच्याच समाजाचा एक कंपाउंडर बारा वर्षं त्यांच्या खोलीत राहत होता. मी शाळामास्तर, पण वर्गाबाहेर त्या दोघांना ‘नवरा-बायको’ म्हणत खिदळायचो.

कंपाउंडर मुंबईच्या दवाखान्यात वारला. माती देऊन बाबू परतले, तेव्हा मी बायकोला घेऊन भेटायला गेलो.

त्यांचा कोट उघडा होता. ती म्हणाली, “भाऊ, तुमना सदरा फाटी गया. आना, टाका मारी देस.”

“नको, वहिनी. आमच्यात अगदी घरचं माणूस गेलं की सदरा फाडतात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊच जमले होते, म्हणून मला मोजलं. पण मी सदऱ्याला हात घातला, तर त्याच्या भावानं मनगट धरलं. म्हणाला, तू कोण त्याचा?”

“मग?”

“येताना गाडीत फाडला.”

बाबूंनी कोटाचं बटण लावलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझा तो ‘नवरा-बायको’ शब्द मी तिलाही हसत हसत सांगितला होता.