ती येईस्तवर

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटा सोलणं. नात शेजारी बसून इतिहासाचा धडा वाचत होती. ग्रीसमधल्या स्पार्टात एका शहाण्यानं राजालासुद्धा सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसवलं, मी परत येईपर्यंत नियम मोडू नका म्हणून शपथ घातली, आणि तो कधी परतलाच नाही. बायको हसली. "आपल्यात बी सुना पुरुषांसंगंच जेवत्यात की. उद्या आपरेशनला चाललेय, मी येईस्तवर मोडू नका." "लई बोलू नगंस," मी म्हटलं. दवाखान्यातनं ती आलीच न्हाय. माती दिल्याच्या दुसऱ्या सकाळी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली आणि भावकीनं आधी पुरुषांचीच ताटं मांडली. मी सुनांना हाक मारली. थोरला भाऊ म्हणाला, "आज तरी ऱ्हाऊ दे." "ती अजून आली न्हाय," म्हणालो, आणि सुनांना शेजारी घेऊन जेवायला बसलो.